चार आत, चार बाहेर

मालक उमरेडला लग्नाला गेलेले, किल्ली सालदाराकडे.
बापूराव तोडसाम दारात, चप्पल बाहेर काढून.
"एकटीच आली का पोरी? मिस्त्री कोठी हाय?"
मीच मिस्त्री, काका.
"बरं," म्हणाले, आणि स्टूल धरून उभे राहिले.

काळा डबा, वहीएवढा.
मागं चार भोकं चित्र आत यायला, चार बाहेर जायला.
कुठलंही चित्र कुठल्याही पडद्यावर;
एवढंच त्याचं काम, पण भिंतीतल्या बटणाच्या हुकमानं.

मी लिहिलं होतं: इनपुट एक, इनपुट दोन.
बापूराव कॅमेऱ्यांवर बोट ठेवत गेले.
हा गोठा. हे फाटक.
हे खालचं वावर, नाल्याकडचं,
संत्र्याची औंदाची कलमं. रोही तठूनच येतात.
"अन् डिशले डिशच म्हन."
मी खोडलं, त्यांचीच नावं टाकली.

मग तीन तारा.
ह्याचं बोलणं त्याच्या कानाला लावायचं,
त्याचं बोलणं ह्याच्या.
बोलण्याला बोलणं जोडलं की दोघंही मुके.
मी आधी तेच केलं.
अडीच वाजलेले, जेवणाचा डबा पिशवीतच.

तारा फिरवल्या. मुके.
वेग पाहिला: एक नऊ हजार सहाशेनं बोलतो,
दुसरा लाखाच्या वर.
त्याला सावकाश केलं. तरी मुके.
हुकूम तर अक्षर न् अक्षर बरोबर.
माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात:
ओळ संपल्याची खूण आल्याशिवाय
हा डबा काही ऐकलंच नाही असं समजतो.

"बैलाचंबी तसंच," बापूराव म्हणाले,
"नुसतं नाव घेतलं त हालत नाही.
शेवटी जिभेनं टक् करा लागते."

मी शेवटी टक् जोडलं.
दिवाणखान्यातल्या पंचावन्न इंचात
कपिली गाय रवंथ करू लागली.

चारला लाइन गेली. पाच पन्नासला आली.
डबा सगळं विसरलेला:
सगळ्या पडद्यांवर डिश, साबणाची जाहिरात.
म्हणून लिहिलं: लाइन आली की चाळीस सेकंद थांब,
मग त्याला पुन्हा सांग.
"चाळीस कायले?"
उठल्या उठल्या सांगितलेलं त्याला कळत नाही.
"हाव. मालकाचं पोट्टंबी असंच."

बटणांची नावं मालकांनी फोनवर दिलेली:
सिनेमा. पाहुणे. शुभरात्री.
चौथं कोरं.
"राखण लिही," बापूराव म्हणाले.
दाबलं की सगळीकडे खालचं वावर.
पण काका, रात्री इथं बघणार कोण?
ते स्टुलाकडे बघत राहिले.

दिवाणखाना, बेडरूम, स्वयंपाकघर.
बाहेर जायचं चौथं भोक रिकामं होतं, रबरी टोपण घातलेलं.
त्यांची खोली विहिरीपाशी. टीव्ही आहे,
बंगल्यात नवा आला तेव्हा मिळालेला.
"तठीलोक जाते का हे?"
वायर सत्तर मीटर जाते.
मी टेप धरला, ते टोक घेऊन चालत गेले.
एकोणऐंशी.
शेळ्यांच्या कुडातून सरळ काढली तर चौऱ्याहत्तर.
"चार मीटर," ते म्हणाले,
जसं कुणी म्हणावं, चार हात अजून खणलं असतं त.

मध्ये बसवायचा एक छोटा डबा मिळतो.
मालकांना विचारावं लागेल. ते मी बोलले नाही.
चौथ्या भोकाला मात्र नाव दिलं: बापूराव.
यादीत ते तसंच राहील, टोपणासकट.

सातची आर्वी बस शेवटची.
पाना, टेप, उरलेली वायर पिशवीत टाकली
आणि जाता जाता राखण दाबलं.
तिन्ही पडद्यांवर तेच करडं वावर,
गुडघ्याएवढी कलमं, नाल्याची काळी रेघ.
त्यातून एक टॉर्च हळूहळू चाललेली,
थांबत, वळत, पुन्हा चालत.

मागं वळून पाहिलं.
स्टूल जागेवर होता.
दारात चप्पल नव्हती.